मैत्रीण पैसे घेते, आणि रिपोर्ट मला लिहायचाय

प्रिय ताई,

मी नाशिकची. नर्सिंग शिकले, काही वर्षं हॉस्पिटलात काढली आणि गेल्या वर्षी एका परदेशी संस्थेतर्फे स्वयंसेविका म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला आले. गाव आडवळणाचं. सरकारी आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या, बाळंतपणाची एक खाट आणि लसींसाठी सोलरवर चालणारा फ्रीज. इथली सगळी बाळंतपणं जी करते ती कागदोपत्री मिडवाइफ नाही, त्याखालच्या पदाची ‘एमसीएच एड’, म्हणजे माता-बाल आरोग्य सहायिका आहे. पण गावाची मिडवाइफ तीच. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. आल्या आल्या तिनं मला आपल्या शेजारची खोली मिळवून दिली. भात आणि पामतेलातली कसाव्याच्या पाल्याची भाजी तिच्याच घरून येते, इथली क्रिओ भाषा बोलायला तिनंच शिकवलं. इतकी जवळची मैत्रीण मला नाशकातही नाही.

ताई, ती बाळंतपणाचे पैसे घेते. सरकारी धोरणानं इथे बाळंतपण मोफत आहे. ती पन्नास लिओन घेते. आपले दोनशे रुपयेही होत नाहीत, पण इथल्या माणसांना ते जड जातात. तिनं माझ्यापासून काही लपवलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “तू व्हॉलंटियर, तुला दर महिन्याला पैसे येतात. मीही व्हॉलंटियर, मला काहीच येत नाही. आता बोल.” आणि ते खरं आहे. कित्येक वर्षं ती काम करतेय, पण सरकारी पगारपत्रकावर तिचं नाव नाही.

मागच्या महिन्यात एका बाईला रात्री फार उशिरा आणलं. सासू म्हणाली, पैसे जमवत होतो. बाळ गेलं. मग बाईला रक्तस्राव सुरू झाला. जिल्ह्याच्या हॉस्पिटलपर्यंतचा सगळा रस्ता माझी मैत्रीण अँब्युलन्समध्ये गुडघ्यांवर बसून, एक हात आत आणि एक पोटावर, गर्भाशय दाबून धरून होती. खड्ड्यांत डोकं आपटलं तरी हात काढला नाही. बाई वाचली. मला तिचा अभिमान वाटतो आणि तिचा राग येतो.

आता संस्थेला शेवटचा रिपोर्ट द्यायचाय. त्यात ‘गैरप्रकार’ असा रकानाच आहे. लिहू का? की मीच तिला दरमहा काही देऊन हे थांबवू? आणि विचारायला लाज वाटते, तरी विचारते. तिनं माझ्याकडे फोन मागितला, मुलीच्या परीक्षेची फी मागितली. मी तिची मैत्रीण आहे की नुसती सोय?

— एक वाचक

*

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं गावाचं आणि जिल्ह्याचं नाव मी छापताना काढून टाकलं आहे. तू दोन्ही लिहिली होतीस. तीन-चार माणसांच्या आरोग्य केंद्रात ‘तिथली नर्स’ एवढं म्हटलं तरी सगळ्या तालुक्याला कळतं कोण ते. रिपोर्ट लिहायला बसशील तेव्हा हे आधी आठव. नाव वगळलं म्हणजे माणूस झाकला गेला असं होत नाही.

तुझ्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा सगळ्यात सोपा आहे, तो हातावेगळा करते. ज्या बाईला तू नुसती सोय वाटतेस, ती तुला ‘आता बोल’ असं तोंडावर विचारत नाही. सोयीच्या माणसाला कुणी दुखवत नाही. तिनं फोन मागितला, फी मागितली, म्हणून तुझ्या मनात पाल चुकचुकली. अगं, आपल्याकडे अमेरिकेहून येणाऱ्या भाचीला मावशी फोनवरून यादी सांगते, ती बदाम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांपाशी सुरू होते आणि आयपॅडपाशी संपते. तिथे कुणी नात्यावर शंका घेत नाही. जवळच्या माणसाकडे मागायचं असतं, आणि जवळच्या माणसाला नाहीही म्हणता येतं. तू एकदा हसून ‘एवढे नाहीत गं माझ्याकडे’ म्हणून बघ. मैत्री तुटली तर मला कळव. तुटणार नाही.

आता मुख्य गोष्ट.

तू ज्या पन्नास लिओनबद्दल लिहितेस, त्यांच्या मागे काय आहे ते आपल्या इतर वाचकांसाठी थोडं सांगते. सिएरा लिओन हा बाळंतपणात बायका दगावण्यासाठी जगात कुप्रसिद्ध असलेला देश. २०१३च्या राष्ट्रीय पाहणीत दर लाख जन्मांमागे १,१६५ मातामृत्यू होते, २०१९च्या पाहणीत ते ७१७वर आले. तुलनेसाठी, महाराष्ट्राचा २०१८-२०चा आकडा ३३ आहे. त्या सरकारनं २७ एप्रिल २०१०ला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी उपचार मोफत केले. त्याच सुमारास पगारपत्रकातली बोगस नावं काढली आणि उरलेल्यांचे पगार वाढवले. चांगलंच केलं. बायका दवाखान्यात येऊ लागल्या.

पण पगारवाढ मिळाली ती पगारपत्रकावर असणाऱ्यांना. तिथे पगार सुरू व्हायला एक पिन नंबर लागतो. प्रशिक्षण झालं, केंद्रात रुजू झालं, रात्री-अपरात्री बाळंतपणं केली, तरी पिन येत नाही तोवर खात्याच्या लेखी तुम्ही पगारी नाही. असे बिनपगारी कर्मचारी हजारोंनी आहेत, आणि त्यांना तिथे ‘व्हॉलंटियर’ म्हणतात. म्हणजे तुझ्या मैत्रिणीनं तुला टोमणा मारला नाही, तिनं आपलं पद सांगितलं.

२०१४ ते २०१६ इबोला होता, तेव्हा देशात दोनशेहून जास्त आरोग्य कर्मचारी गेले. बाळंतपण म्हणजे रक्त आणि अंगातलं पाणी, आणि इबोला त्यातूनच पसरायचा. त्यामुळे बाळंतपणाच्या खोलीत उभं राहणं हे त्या काळात सगळ्यात धोक्याचं काम. तुझी मैत्रीण त्या वर्षांत कुठे होती, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. तिनं सांगितलं नसेल किंवा तू विचारलं नसशील. विचार.

तर सरकार तिला पगार देत नाही आणि बाईकडून पैसे घेतले तर गुन्हा म्हणतं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. तरीही ती रोज केंद्र उघडते. हे सगळं मान्य करून मी पुढचं लिहिते आहे, म्हणजे तुला असं वाटायला नको की मी तिची बाजू समजून घेतली नाही.

तिनं पैसे घेणं सगळं एकसारखं नाही. तू पत्रात त्याची एकच मोट बांधली आहेस, ती सोडायला हवी. तिला सरळ विचार, या पैशांचं तू काय करतेस? माझा अंदाज आहे की त्यातून साबण येतो, क्लोरीन येतं, हातमोजे संपले की बाजारातून मोजे येतात, टॉर्चचे सेल येतात, आणि जे उरतं त्यात तिच्या घरचा तांदूळ येतो. आता एक प्रकार असा की बाळ झाल्यावर घरच्यांनी खुशीनं हातावर काही ठेवलं. आपल्याकडे सरकारी हॉस्पिटलात वॉर्डातल्या मावशी ‘पेढ्याचे द्या’ म्हणतात, मुलगा झाला तर जास्त मागतात, आणि आपण कुरकुरत देतो. दुसरा प्रकार, सामानाचे पैसे. हातमोजे सरकारनं द्यायचे, ते आले नाहीत, तिनं आणले, त्याचे मागितले. तिसरा प्रकार म्हणजे कळा देणारी बाई दारात आहे आणि पैसे ठरल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, किंवा गावात अशी समजूत होऊ द्यायची की पन्नास नसतील तर जाऊच नका.

पहिला मी सोडून देईन. दुसऱ्यासाठी ती जबाबदार नाही. तिसरा चालणार नाही, मग तिला पगार असो वा नसो, तुझी मैत्रीण असो वा माझी बहीण. त्या रात्रीची सासू पैसे जमवत होती ते तिसऱ्या प्रकारामुळे. तुझ्या मैत्रिणीनं तिला परत पाठवलं नव्हतं, परत पाठवलं नसतंही. पण गावाला दर माहीत होता, आणि गाव त्या दरावर थांबलं. पत्रात तू या सासूला एका ओळीत उरकलं आहेस. मी तुझ्या जागी असते तर तिच्या घरी जाऊन बसले असते.

कारण एक सावधगिरीही ठेवायला हवी. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधकांनी १९९४ साली मांडणी केली, ती आता मातृआरोग्याच्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात, तुलाही शिकवली असेल. उशीर तीन ठिकाणी होतो. घरी निर्णय घ्यायला, वाटेत पोचायला आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायला. त्या रात्री कुठला उशीर किती झाला? नवरा घरी होता का? नदीला पाणी होतं का? मोटारसायकलवाला रात्री यायला तयार झाला का? तिथे बऱ्याच भागांत घरी बाळंतपण केलं तर गावच्या प्रमुखांनी दंड लावलेला आहे. बायकांनी दवाखान्यात यावं म्हणूनच तो लावला, पण घरी सुरुवात करून मग अडलेली बाई आणताना तेच घर दंडाच्या भीतीनं आणखी तासभर घालवू शकतं. ‘पैसे जमवत होतो’ हे सांगायला सोपं कारण असतं. ते खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण तेवढ्यावर एका बाळाचा मृत्यू तुझ्या मैत्रिणीच्या नावावर लिहू नकोस, आणि तेवढ्यावर ते तिच्या अंगावरून पुसूही नकोस. सासूला विचार.

मग मैत्रिणीशी बोल. रिपोर्टच्या आधी. केंद्रात नको, तिथे दारात बायका बसलेल्या असतात आणि ज्युनिअर पोरी कान देऊन असतात. संध्याकाळी तिच्या अंगणात, जेवण झाल्यावर. प्रस्तावना करू नकोस. आपल्याला वाईट बातमी देताना चार वळणं घ्यायची सवय असते, आणि ऐकणाऱ्याला पहिल्याच वळणावर कळलेलं असतं. सरळ सांग: मला रिपोर्ट लिहायचाय, पैशांबद्दल मी लिहिणार आहे, तुझ्यावर बोट दाखवणार नाही, पण गप्पही बसणार नाही, काय लिहू ते तू सांग.

ती चिडेल. चिडू दे. तू परत जाणार आणि मी इथेच राहणार, असं म्हणेल, आणि त्यावर तुझ्याकडे उत्तर नसेल. देऊ नकोस. ती शांत झाली की एकच गोष्ट माग. बाळंतपणाच्या आधी कुणाकडूनही एक पैसाही नाही, आणि हे गावात तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, बायकांच्या बैठकीत, मशिदीत, चर्चमध्ये, जिथे माणसं जमतात तिथे. नंतर कुणी काही दिलं तर तो तिचा आणि त्या घराचा प्रश्न. यानं तिचं उत्पन्न कमी होईल, हे तिला माहीत आहे आणि तुलाही माहीत असू दे. तरी ती ऐकेल असं मला वाटतं. रस्ताभर हात न काढणारी बाई ती रात्र विसरलेली नसणार.

आता तुझी दुसरी कल्पना, दरमहा पैसे देण्याची. नको. ज्या दिवशी तू तिला पैसे न घेण्याचे पैसे देशील, त्या दिवसापासून तू तिची मालकीण होशील. मग केंद्रात कुणी बाई पैसे मोजताना दिसली की तू चौकशी करशील, आणि ती तुझ्यापासून लपवायला शिकेल, जे आजवर तिनं केलं नाही. तू नाशकात परत आल्यावर किती महिने पाठवशील? तिच्या हाताखालच्या दोघी-तिघींना कोण देणार? त्याही व्हॉलंटियरच असतील. तुझ्या हजार-दोन हजारांनी सरकारचं काम एका गावात काही महिने झाकलं जाईल, एवढंच.

मुलीच्या परीक्षेची फी हा वेगळा विषय आहे, तो यात मिसळू नकोस. ती बारावीसारखी पश्चिम आफ्रिकेची सामायिक परीक्षा असेल, तर तिच्यावर त्या मुलीचं पुढचं सगळं अवलंबून आहे, कदाचित नर्सिंगला जाणंही. तुला परवडत असेल तर भर. मैत्रिणीच्या मुलीची फी भरतात, त्यात काही विशेष नाही. फक्त वरच्या बोलण्याच्या आधी भर किंवा चांगली पंधरा दिवसांनी भर. त्याच संध्याकाळी पैसे काढून दिलेस तर ते काय म्हणून दिले हे दोघींनाही कळणार नाही. फोनचं तुझं तू बघ. जुना असेल तर देऊन टाक.

‘गैरप्रकार’ या रकान्यात काय लिहायचं? मला विचारशील तर त्या रकान्यात काहीच नको. ज्यानं तो फॉर्म बनवला त्यानं शहरातल्या ऑफिसात बसून बनवला असणार, त्याला ‘कुणी केलं’ हवं असतं. तू लिहिलंस आणि कुणी तपासणी केली तर पुढे काय होतं ते मी आपल्याकडे इतक्यांदा पाहिलंय की पाठ झालंय. चोर सोडून संन्याशाला फाशी. औषधांचा साठा जिल्ह्यात का अडला याची चौकशी होत नाही. सापडते ती खालची. आणि जिला नेमणुकीचा कागदच नाही, तिला काढायलाही कागद लागत नाही, ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढं पुरतं. मग त्या दोन खोल्यांत बाळंतपण कोण करणार? त्या सासूची दुसरी सून कुठे जाणार?

म्हणून लिहायचं ते निष्कर्ष आणि निरीक्षणं यांच्या भागात, आणि आकड्यांत. केंद्रात किती माणसं काम करतात, त्यांतल्या किती जणांकडे पिन आहे, बिनपगारी कोण किती काळापासून आहे. गेल्या सहा महिन्यांत हातमोजे कधी संपले, रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन कधी संपलं, किती दिवस नव्हतं. ऑक्सिटोसिन थंडच ठेवावं लागतं, तो सोलर फ्रीज नीट चालतो का, बंद पडतो तेव्हा काय करतात. अँब्युलन्स बोलावल्यापासून किती वेळानं येते. हे सगळं लिहून मग लिही की या परिस्थितीत बायकांकडून पैसे घेतले जातात, त्यामुळे बायका उशिरा येतात, आणि माझ्या पाहण्यात असं एक बाळ गेलं. तुझी संस्था ज्या ज्या केंद्रांत काम करते तिथून हीच माहिती मागवावी अशी शिफारस कर. दहा केंद्रांची माहिती एकत्र आली तर कुणा एकीचं केंद्र ओळखू येणार नाही, आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला ती बाजूला सारणं अवघड जाईल. रजिस्टरमधून हे आकडे काढायला तुला तुझ्या मैत्रिणीचीच मदत लागेल. ती देईल, आणि मला वाटतं आनंदानं देईल. तिला हे इतकी वर्षं कुणी विचारलेलंच नाही.

तिच्या पिनच्या अर्जाची प्रतही बघायला माग. कधी केला, कुणाकडे दिला, पोच आहे का. तुझ्या शिफारसपत्रानं पिन येत नाही, तशा भ्रमात तिला ठेवू नकोस. पण अर्ज जिल्ह्यातच पडून आहे की राजधानीला गेला, हे विचारायला तू ऑफिसात गेलीस तर तुला खुर्ची मिळेल, तिला मिळत नाही. परदेशी असण्याचा हा एवढा फायदा निर्लज्जपणे वापर. तिच्याबरोबर जा, तिला पुढे बसव, बोलू दे तिला.

इथे कुणी वाचक म्हणेल, ताई, तुम्ही भ्रष्टाचार झाकायला शिकवताय. त्यांच्यासाठी आणि तुझ्यासाठी शेवटचं सांगते. समजा, बोलणं झालं, तिनं मान डोलावली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एक बाई दारात पैसे मोजत उभी दिसली. तर वर तक्रार करायची. पण आधी तिच्याकडे जाऊन सांगायचं की मी उद्या तक्रार करणार आहे. मैत्रीण म्हणून तिला ते तुझ्या तोंडून आधी ऐकायचा हक्क आहे. तू गप्प बसावंस हा हक्क तिला नाही, कारण त्या खाटेवर पडलेली बाईही कुणाची तरी कुणीतरी आहे आणि तिच्या बाजूनं बोलायला तिथे तुझ्याशिवाय दुसरं कुणी नसेल. मैत्री गेली तर जाईल. तशी वेळ येणार नाही असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर तू राहू नकोस.

आणि हो, आपल्याकडच्या ‘बाई गं, आफ्रिकेत काय चाललंय’ म्हणणाऱ्यांनी आपल्या गावातल्या आशाताईंना एकदा विचारावं. सरकारी कागदांवर त्यांचाही उल्लेख स्वयंसेविका असाच आहे, कामावर मोबदला, पगार नाही. त्यासाठी त्यांनी किती वेळा आझाद मैदान गाठलं ते त्याच सांगतील.

निघताना ‘मी परत येईन’ असं म्हणू नकोस, तिकिटाचे पैसे हातात असल्याशिवाय. तिथे येऊन गेलेले सगळेच ते म्हणून जातात. फोन नंबर घे, आणि नेटवर्क मिळतं त्या वेळा लिहून घे.

रिपोर्ट पाठवण्याआधी एक प्रत तिला वाचायला दे. इंग्रजी तिला येतं, तिचं सगळं प्रशिक्षण त्यातच झालंय. पेन्सिलही दे. ती जे खोडेल त्यातलं जे खोडणं तुला पटणार नाही, ते तिच्यासमोरच परत लिही आणि मग पाठव.

— तुझी ताई